सोलापूरच्या उन्हातही रोज बाहेर पडायचंय? मग असं सुरू करा

जानेवारी उजाडला की सिद्धेश्वर तलावाकाठी आणि पार्क स्टेडियमच्या आसपास नवेकोरे बूट घातलेली माणसं दिसायला लागतात. शिवरात्रीपर्यंत गर्दी विरळ होते. होळी झाली, ऊन चढलं, की उरलेलेही घरी बसतात. पुढची आठवण येते ती थेट साखरेचा रिपोर्ट हातात पडल्यावर. ही माणसं आळशी असतात असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं काही न केलेला माणूस पहिल्या दिवशी तासभर चालतो, दुसऱ्या दिवशी पळून बघतो आणि तिसऱ्या दिवशी पोटऱ्या चोळत बसतो. जे केल्यावर दोन दिवस जिना उतरता येत नाही, त्याची गोडी लागणार कशी?

म्हणून हा लेख ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही, किंवा सुरुवात करून तीनतीनदा सोडून दिलंय, त्यांच्यासाठी. अट एकच आहे. पहिले दोन महिने वजन, किलोमीटर, कॅलरी यातलं काहीही मोजायचं नाही. घरी परतल्यावर ‘उद्या पण जाऊ’ असं वाटलं का, तेवढं बघायचं. वाटलं तर आजचं काम बरोबर झालं. नाही वाटलं तर उद्या कमी करायचं, जास्त नाही.

किती केलं म्हणजे पुरे

आकडा डोक्यात असलेला बरा, म्हणून सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी. मुलांना मात्र दिवसाला सरासरी तासभर. म्हणजे आपलं रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. त्याच शिफारशीत असंही म्हटलंय की अजिबात काही न करण्यापेक्षा थोडं केलेलंही चांगलं. नवख्याने आधी हे शेवटचं वाक्य धरून चालावं. १५० पर्यंत दोन महिन्यांत सावकाश पोचता येतं.

आणि दहा हजार पावलांचं काय? तो आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं. तिथून तो जगभर पसरला. मोबाईलवर चार हजारच दिसले म्हणून रात्री अकरा वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालणारे लोक मी पाहिलेत. घरच्यांची झोपमोड करण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही.

वेळ ठरवायची ती उन्हाला विचारून

पुण्या-मुंबईकडचे सल्ले सोलापुरात जसेच्या तसे चालत नाहीत. तिथे ‘संध्याकाळी साडेपाचला फिरायला जा’ म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, कधी ४३-४४ पर्यंत जातो, आणि संध्याकाळी सात वाजतासुद्धा डांबर, सिमेंट, घराच्या भिंती दिवसभराची उष्णता ओकत असतात. त्यामुळे एकच वेळ बारा महिने चालेल हा हट्ट सोडायचा. वर्षाचे तीन तुकडे करायचे.

होळीपासून मृगापर्यंत फक्त सकाळ. मेच्या शेवटी सोलापुरात सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान उगवतो. साडेपाचला बाहेर आणि साडेसहापर्यंत घरात, असं गणित ठेवा. सात वाजले की ऊन चटके देऊ लागतं. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणाआधी, आठनंतर, पण मग तव्यासारखं तापलेलं मैदान सोडून झाडं असलेला रस्ता निवडा.

पावसाळ्यात आपल्याकडे खरं तर चंगळ असते. आपण पर्जन्यछायेतले. पाऊस कमी, ढग जास्त, वारा भरपूर. जून ते ऑगस्टमध्ये कितीतरी दिवस असे असतात की दुपारी चारलाही आरामात चालता येतं. छत्री घेऊन जाण्याची वेळ क्वचित येते. आपला मोठा पाऊस बहुतेकदा सप्टेंबरात येतो, आणि तेव्हा अडचण पावसाची नसते, काळ्या मातीची असते. जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा शेताकडेच्या वाटेवर दहा पावलं गेलात की बुटाखाली किलोभर चिखल. त्या दिवसांत डांबरी रस्ता सोडू नका.

दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत मात्र सोलापूरसारखं शहर नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहाटे पाचला उठायची काही गरज नाही. सात ते आठ, कोवळं ऊन अंगावर घेत चाला. संध्याकाळी जाणार असाल तर लवकर निघा, कारण डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो. सुरुवात करायला हाच काळ उत्तम. तुम्ही नेमके एप्रिलमध्ये हा लेख वाचत असाल तरी थांबू नका, फक्त शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात हे लक्षात ठेवून पहिले पंधरा दिवस अगदीच थोडं करा.

पाण्याच्या दिवसाचं आधी ठरवा

हे कोणत्याही आरोग्याच्या पुस्तकात सापडणार नाही, पण सोलापुरात सवय मोडण्याचं पहिलं कारण हेच आहे. नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मोटर लावा, टाकी भरा, पिंप भरा, आणि पाणी पहाटेच आलं तर सगळ्या घराची पळापळ. फिरणं बुडतं. बुडालं की दुसऱ्या दिवशी आळस येतो. तिसऱ्या दिवशी सुटतं.

उपाय साधा आहे. पाण्याचा दिवस आधीच वेगळा काढून ठेवायचा. त्या दिवशी सकाळचं फिरणं नाहीच, संध्याकाळी जेवणानंतर गल्लीत दहा मिनिटं शतपावली. ती शतपावली त्या दिवसाचा व्यायाम म्हणून धरायची. असं ठरलेलं असलं की खंड पडल्याची खंत राहत नाही. शिवाय घागरी आणि बादल्या वरच्या मजल्यावर चढवणं हा ताकदीचा व्यायामच आहे, तो घरातल्या एकट्या बाईच्या वाट्याला जाऊ नये एवढं बघा.

जागा: गाडीला किक न मारता पोचता येईल अशी

नवख्याची ठरलेली चूक म्हणजे सुंदर जागा निवडणं. कंबर तलाव म्हणजे धर्मवीर संभाजी तलाव सुंदर आहे, थंडीत तिथे पक्षी येतात, विजापूर रोडलाच पुढे झाडीत फिरायची सोय आहे. पण तुम्ही अक्कलकोट रोडला राहत असाल तर रोज पहाटे शहर ओलांडून तिथे जाणार आहात का? आठवडाभर जाल. रोजची जागा घरापासून चालत पाच-सात मिनिटांत यायला हवी, भले ती सुंदर नसली तरी. सुंदर जागा रविवारी.

मध्यवस्तीत राहणाऱ्यांचं नशीब चांगलं. सिद्धेश्वर मंदिराचा परिसर, चहूबाजूंनी तलाव, शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी, लगतची हुतात्मा बाग, होम मैदान, पार्क स्टेडियम, हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हा तलाव लोकांच्या श्रमदानातून खोदला अशी परंपरा आहे. त्या काठाने आज आपण घाम गाळायला जातो, तर निदान कागद-पिशव्या तरी टाकू नयेत.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूला आतले रस्ते रुंद आहेत आणि सकाळी रिकामे असतात. मुख्य रस्त्यावर जायची गरजच नाही, आपल्या नगराच्या चार गल्ल्यांची एक फेरी ठरवा. अडचण आहे ती पूर्व भागाची. अशोक चौक, साखर पेठेकडच्या दाट वस्तीत चालायला मोकळी जागा कमी, रस्त्यावर वर्दळ जास्त. तिथे सकाळी सहाच्या आधीचीच वेळ खरी, यंत्रमागांची आणि रिक्षांची धावपळ सुरू व्हायच्या आत. नाहीतर जवळच्या शाळेचं मैदान, समाजाचं मंदिर, एखादी बाग. गोलगोल फिरण्याचा कंटाळा येतो म्हणणाऱ्यांना मी सांगतो, कंटाळा एकटं फिरण्याचा असतो, गोलाचा नाही.

पहिला आठवडा: दहा मिनिटं, बस्स

घरातून निघा, पाच मिनिटं चाला, वळा, परत या. पहिला आठवडा एवढंच. अंगात जोर असला, मन म्हणालं ‘अजून एक फेरी’, तरी परत या. थोडी हौस शिल्लक ठेवूनच घरी यायचं आहे. तीच दुसऱ्या दिवशी तुम्हाला बाहेर काढते.

वेग किती? सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला गेलात तर मध्येच श्वास घ्यावा लागला पाहिजे. यालाच मध्यम दम म्हणतात. घड्याळ, पट्टा, ॲप, काही लागत नाही. एका वाक्यात दोनदा थांबावं लागत असेल तर वेग जास्त आहे, कमी करा. याला कारण आहे. दम फुलेपर्यंत ताणलं की नवख्या शरीराला ते नकोसं होतं, आणि तो नकोसेपणा मन लक्षात ठेवतं. हळू चालण्याची लाज बाळगू नका. तलावाकाठी तुमच्या पुढे गेलेला माणूस पाच वर्षांपासून चालतोय.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं. महिना भरत आला की वीस. दोन महिन्यांच्या आसपास अर्धा तास. मधल्या कुठल्या आठवड्यात वाढवावंसं वाटलं नाही तर तिथेच थांबा, काही बिघडत नाही. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असं सगळीकडे ऐकायला मिळतं. लंडनमधल्या एका अभ्यासात लोकांना नवी गोष्ट आपसूक करायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले होते. कुणाला १८ पुरले, कुणाला अंदाजे २५४ लागतील असं गणित निघालं. तेव्हा बाविसाव्या दिवशी अंथरूण सोडवेना म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

फिरणं घड्याळापेक्षा एखाद्या कामाला बांधलं तर लवकर अंगवळणी पडतं. ‘सहा वाजता जाईन’ यापेक्षा ‘पहिला चहा झाला की बूट घालीन’ हे बरं. रोज दूध आणायचंच असतं, तर गाडी न काढता चालत आणि थोडं लांबच्या दुकानातून. सोमवारी सिद्धेश्वराला जायचंच असतं, तर चालत. पोराला शाळेच्या रिक्षात बसवलं की वर न जाता तसंच पुढे. बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा, मोजे त्यात खुपसून. पहाटे मोजे शोधण्यात जो वेळ जातो त्यात माणूस परत झोपतो.

गोडी कशाने लागते

शिस्तीपेक्षा माणसांनी लागते, असं माझं ठाम मत आहे. एक सोबती शोधा. ‘येतोस का बे?’ असा पहाटे खालून आवाज आला की चादर बाजूला होतेच, मग ती कितीही ऊबदार सोलापुरी असो. सोबती तुमच्या वेगाचा असावा. तरुण भाच्याबरोबर सुरू केलं तर तो पुढे जाणार आणि तुम्ही मनातून खट्टू होणार. आणि सोबती एकच असला तर तो आजारी पडल्यावर तुमचंही बंद होतं, म्हणून तिघे-चौघे असलेले बरे.

तलावाकाठी एक फेरी मारली तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांतल्या गप्पा कानावर पडतात. उसाचा भाव, मुलीचं स्थळ, विमान कुठल्या गावाला सुरू झालं, ब्लडप्रेशरची गोळी कोणती. कानात गाणी घालून फिरणाऱ्यांना हे मिळत नाही. पण ज्यांना माणसं नकोच असतात, त्यांनी गाणी, अभंग, कादंबरीचं वाचन, काय आवडेल ते खुशाल लावावं. फक्त एक नियम करून बघा: आवडती मालिका किंवा पुस्तक फक्त चालतानाच ऐकायचं. पुढे काय झालं ते कळण्यासाठी पाय आपोआप बाहेर पडतात. रस्त्यावर असाल तर एक कान मोकळा ठेवा, मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी.

फेरी संपल्यावरचा चहा सोडू नका. डॉक्टर साखर कमी करा म्हणतील, ती करा, पण टपरीवर दहा मिनिटं उभं राहणं हे फिरण्याचं अर्धं आकर्षण असतं. रोज वर भजी मात्र नकोत. घरी येऊन चुरमुऱ्यांचा सुशीला किंवा उप्पीट खाल्लं तर पोटही भरतं आणि हिशेबही बिघडत नाही.

आणि चालणंच हवं असं कोणी सांगितलं? सायकल आहे, गल्लीतलं बॅडमिंटन आहे, पोरांच्या क्रिकेटमध्ये फिल्डिंग आहे. चाळिशीच्या बापाने रोज अर्धा तास पोरांबरोबर लंगडी किंवा डॉजबॉल खेळला तर दोघांचाही दिवसाचा मोठा वाटा तिथेच भागतो. ताकदीच्या दोन दिवसांसाठी जिमची पावती फाडायची गरज नाही. बागेच्या कट्ट्यावर हात न टेकता दहा वेळा बसा-उठा, भिंतीला हात लावून दहा वेळा अंग पुढे-मागे ढकला, पायऱ्या चढा-उतरा. बऱ्याच बागांत लोखंडी व्यायामाची साधनं बसवलेली आहेत, ती वापरा, मात्र उन्हाळ्यात हात लावण्याआधी तापली नाहीत ना ते बघा.

काम उभ्याचं असो की बैठं

‘आम्हाला व्यायामाची काय गरज, दिवसभर राबतो की’ असं आपल्याकडे अनेकजण म्हणतात. यंत्रमागावर पाळी करणारा माणूस आठ-दहा तास उभा असतो, दमतोही. त्याला पळायला सांगणं चूक आहे. पण कारखान्यातला आवाज आणि तंतूंची धूळ सोडून मोकळ्या हवेत पंधरा मिनिटं रमतगमत चालणं ही त्याच्यासाठी विश्रांती ठरते. रात्रपाळी असेल तर पहाटे सुटल्यावर, ऊन चढायच्या आत घरी चालत जा, वेगळी वेळ काढू नका.

विडी वळणाऱ्या बायकांचं उलटं. मांडीवर सूप, मान खाली, बोटं चालू, बाकी सगळं शरीर तासन् तास एकाच जागी. गुडघे आणि कंबर तिथेच धरतात. दर तासाला उठून दारापर्यंत जा, दोन्ही हात वर ताणा, खांदे मागे फिरवा. कारखान्यावर विड्या जमा करायला जाताना शक्य असेल तर चालत जा. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या ठिकाणी आतले रस्ते आखीव आहेत, शेजारणींना बरोबर घेऊन जेवणं उरकल्यावर दोन फेऱ्या सहज होतात. बँकेत, दुकानात, संगणकापुढे बसणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त सुपाच्या जागी कीबोर्ड.

बाईने एकटीने पहाटे फिरायला जाण्यावर घरचे नाक मुरडतात, आणि काही वेळा भीती खरीही असते. दिवे असलेला, माणसांची ये-जा असलेला रस्ता, दोघी-तिघी मिळून, आणि गळ्यातलं सोनं घरी काढून. पहाटे मंगळसूत्र खेचून नेण्याच्या बातम्या आपण वाचतोच. साडी नेसून चालायला अजिबात हरकत नाही, फक्त खाली चप्पल नको, बूट घाला. हसणारे आठवडाभर हसतात, मग त्यांनाही त्याची सवय होते.

पायात, अंगावर, खिशात

पैसे खर्च करायचे तर फक्त बुटांवर. महागडा ब्रँड नको, पण संध्याकाळी जाऊन घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. सुती किंवा घाम लवकर वाळणारे सैल, फिकट कपडे. डोक्याला टोपी किंवा पांढरा रुमाल. खांद्यावर टॉवेल तर सोलापूरकराला विकत घ्यावा लागत नाही, घरात कुठल्यातरी लग्नातल्या आहेराचा असतोच.

अंधारात जाणार असाल तर फिकट रंगाचेच कपडे घाला, आणि पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कुत्र्यांसाठी काठी नेणारे नेतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. थांबा, त्याच्या डोळ्यांत बघू नका, सावकाश मागे सरका. चावलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावत बसू नका.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर खिशात साखर किंवा ग्लुकोजची बिस्किटं ठेवा, आणि उपाशीपोटी जायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास, न आवरणारा रक्तदाब, चालताना छातीत दुखणं, गुडघ्याची जुनी दुखणी, यापैकी काही असेल तर सुरू करण्याआधीच विचारा. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत पुढे चालत राहायचं नाही.

ऊन बाधलं तर

आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, घाम येतो तसा वाळतो. कपडे ओले झाले नाहीत म्हणजे पाणी गेलं नाही, असं समजू नका. निघण्याआधी एक भांडं पाणी प्या, आल्यावर पुन्हा प्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, ताक, सब्जा, कोकम, जे घरात असेल ते. जास्त घाम गेला असेल तर ओआरएस.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, पायात गोळे, यातलं काही झालं तर लगेच सावलीत बसा, कपडे सैल करा, मानेवर आणि काखेत ओला टॉवेल ठेवा, घोटघोट पाणी घ्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल गेला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. मे महिन्यात एखादी सकाळच इतकी कोंदट असते की बाहेर पडवत नाही. त्या दिवशी घरात जिना चढा-उतरा आणि गप्प बसा.

खंड पडणारच

दिवाळी, गावाकडची लग्नं, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, पोरांच्या परीक्षा. खंड पडतो. एक दिवस गेला तर गेला, सलग दुसरा जाऊ द्यायचा नाही, एवढा नियम पुरतो. दुसऱ्या दिवशी अर्धा तास जमत नसेल तर बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन या. आठवडा-दोन आठवडे गेले असतील तर जिथे सोडलं त्याच्या निम्म्यावरून सुरू करा. बुडालेले दिवस भरून काढायला एकदम दीड तास चालणारे हटकून पुन्हा पंधरा दिवस बुडवतात.

खरं तर गड्ड्याकडे खंड म्हणून बघायचंच कशाला? संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची मिरवणूक शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांना प्रदक्षिणा घालते. ते जड नंदीध्वज पेलणारे भक्त आधी कित्येक दिवस सराव करतात, यात्रेच्या दिवशी एकदम उचलत नाहीत. तो सराव बघायला जा. आणि मिरवणुकीबरोबर जेवढं जमेल तेवढं चाला, त्या दिवशी वेगळ्या फिरण्याची गरज राहत नाही.

दोन महिन्यांनंतर

रोजचा अर्धा तास अंगवळणी पडला की मग रविवार मोठा करा. ती अडुसष्ट लिंगं एकाच दिवसात बघायची नाहीत. प्रत्येक रविवारी चार-पाच, चालत, यादी करून. आपल्याच शहरात आयुष्यभर न पाहिलेल्या गल्ल्या दिसतात. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून यादी बनवायला घेतलीत तर तेही उत्साहाने सामील होतील. एखाद्या रविवारी हिप्परगा तलाव. इंग्रजांच्या काळात, १८७१ च्या सुमारास बांधून झालेल्या या तलावाला सरकारी कागदात एकरूख म्हणतात. बार्शी रस्त्याला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक दिसेल अशी आशा धरून जाऊ नका, पण माळरानावर काळवीट दिसतात, आणि सोलापूरचा माळ किती मोठा आहे ते पायांना कळतं.

मग उरते कोजागिरी. आश्विन पौर्णिमेला सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो लोक तुळजापूरला पायी जातात, सोलापुरातून अंतर सुमारे ४५ किलोमीटर. बहुतेकजण काहीही तयारी न करता जातात आणि पुढचा आठवडा पायाला हळद-तेल लावून घरात बसतात. तुम्ही रोज चालत असाल तर तुम्हाला हे वेगळ्या तऱ्हेने करता येईल. श्रावणात रविवारची चाल दीड तासावर न्या. गणपतीत अडीच तास. पितृपक्षात एकदा चार तास, रात्रीच, त्याच बुटांत, कारण नवे बूट त्या रात्री पहिल्यांदा घालणं म्हणजे फोडांना आमंत्रण. नवरात्रात पुन्हा हलकं करा, पायांना आराम द्या.

त्या रात्री जाड सुती मोज्यांचा एक जादा जोड घ्या, बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलीन लावा, दर तासाला पाच मिनिटं बूट काढून बसा. रस्त्यावर चहा, केळी, खिचडी वाटणारे मंडप जागोजागी असतात, त्यामुळे पिशवीत खाण्याचं ओझं नको, पाण्याची बाटली पुरे. बॅटरी जवळ असू द्या आणि ज्या बाजूने गाड्या सोडलेल्या असतील ती बाजू टाळा. पाय बोलायला लागले तर मध्येच गाडीत बसायला लाजू नका, आई तेवढ्यावरून रागावत नाही. आणि दर्शन झाल्यावर परतीला सरळ एसटी धरा.